मुकादम चाळीचा हालांक

"माणसां मोजुची नसतत रे, झिला. मोजली काय एक उणा जाता."

आईचा आवाज. तीस वर्षांपूर्वीचा, मालवणाकडच्या पडवीतला, जात्याच्या घरघरीत अर्धा बुडालेला. जयवंत तेव्हा सहा वर्षांचा होता. दारावरून चाललेल्या वरातीतली माणसं बोटांवर मोजत होता. आईने त्याची बोटं मुठीत मिटून टाकली आणि ओवी पुढे ओढली.

*पायलीनं मोज दाणा, सुपानं मोज कोंडा*
*माणूस मोजू जाता, दारी उभा राही धोंडा*

आज सब-इन्स्पेक्टर जयवंत परुळेकर लालबागच्या मुकादम चाळीपुढे उभा होता आणि त्याचा हवालदार मोजत होता.

"सहा, साहेब."

मग बराच वेळ फक्त फावड्यांचा आवाज. मग, हलक्या आवाजात, "सात."

सन सत्तावन्न. गोकुळाष्टमीचा दुसरा दिवस. पहाटे चाळीची मागची बाजू, तिन्ही मजल्यांसकट, खाली बसली होती. कोसळली असं कुणी म्हणत नव्हतं. थकलेली बाई बसावी तशी बसली, म्हणत होते. वरच्या एका खोलीची अर्धी भिंत तेवढी उभी होती. तिच्या खुंटीवर एक छत्री लटकत होती. कोरडी. रस्त्यापलीकडे गणपतीच्या मंडपाचे बांबू रचून ठेवले होते, आणि ते बांधणारी माणसं इथे माती उपसत होती.

अकरा वाजता भोईवाड्याच्या चौकीत एक पत्र आलं. गिरगावातल्या गृहपाहणी मंडळाचं. खाली सही, कमलाकांत विजयकर, अध्यक्ष.

पत्र स्वच्छ, वळणदार मराठीत होतं. मंडळाने शहरातल्या एकशे बारा चाळी पाहून प्रत्येकीला एक आकडा दिला होता. त्या आकड्याचं नाव हालांक. ज्या चाळीचा हालांक मोठा, तिला आधी टेकू, आधी दुरुस्ती. त्या क्रमाने काम चालू होतं. मुकादम चाळीचा नंबर चौसष्टावा लागला होता. तरी ती पडली. याचा अर्थ पाहणीदाराने खोटी माहिती भरली. पाहणीदार राजाराम घाडी. हा इसम देवगडकडचा असून चाळीचा मालकही त्याच गावचा आहे, हे पोलिसांनी ध्यानात घ्यावं.

पत्रातली गोष्ट दुपारपर्यंत लालबागभर झाली. राजाराम गर्दीच्या हाती लागायच्या आत जयवंतने त्याला कोठडीत घातलं. अटक म्हणून थोडी, आसरा म्हणून जास्त. पण सात मरणं होती. वरून रोज फोन येणार होते. दोन दिवसांत दुसरं नाव सापडलं नाही, तर हा माणूस कोर्टात उभा राहणार होता.

राजाराम तिशीचा, सडपातळ. भिंतीकडे तोंड करून बसला होता.

"खोटं लिहिलंस?"

"नाही."

"मालक तुझ्या गावचा?"

"गावचा आहे. घरचा नाही."

"मग चाळ चौसष्टावी कशी लागली?"

"ठाऊक नाही. यादी आम्हाला दाखवत नाहीत."

"तू काय काय लिहिलंस, ते कशावरून कळेल?"

"माझी टिपणवही आहे. हिरव्या पुठ्ठ्याची. मंडळाच्या कपाटात. माणसं बोलली ते शब्दाला शब्द आहे त्यात."

यापुढे तो बोलला नाही. सुटका करा म्हणाला नाही, की नवस बोलला नाही. निर्दोष माणूस निदान आरडाओरड करतो, असा जयवंतचा बारा वर्षांचा अनुभव होता. हा गप्प होता. ओझं खाली ठेवायला जागाच सापडत नसावी, तसा.

मंडळाची कचेरी गिरगावात, एका छापखान्याच्या डोक्यावर. दोन टेबलं, एक कपाट, आणि हँडल फिरवून चालवायचं हिशेबाचं यंत्र. यंत्रामागे फ्लॉरेन्स परेरा. गिरगावातलीच, सात पिढ्यांची मुंबईकर, चाळिशीची, ओठांवर कायम एक टोमणा तयार.

तिने कपाट उघडलं. निळी वही होती, तांबडी होती, करडी होती. हिरवी नव्हती.

"परवा संध्याकाळी होती," ती म्हणाली. "मीच धूळ झटकली."

"किल्ल्या कुणाकडे?"

"एक विजयकर सरांकडे. एक माझ्याकडे. मला धरायचं असेल तर जेवून येते, साहेब. घरी बोंबलाचं कालवण आहे, ते उद्या चांगलं लागत नाही."

जयवंतला हसू आलं, आणि हसू आल्याची लाज वाटली. त्याने विषय बदलला. हा हालांक काढतात कसा, ते समजावून सांगा म्हणाला.

फ्लॉरेन्सने खुर्ची ओढून घेतली. ती सांगू लागली, की हाल म्हणजे काही तराजूत घालायची वस्तू नव्हे. कुणी गर्दीने मरतं, कुणी ओलीने, कुणी संडासाच्या रांगेत. म्हणून सरांनी हालांचे सहा तुकडे केले. इमारतीचं वय, भिंती, तुळया, खोलीतली गर्दी, पाणी, संडास. प्रत्येकाला शून्य ते दहा गुण. जितके हाल, तितके गुण. पण सगळे तुकडे सारख्या वजनाचे नसतात. म्हणून पाण्याच्या गुणांना तिनाने गुणायचं, भिंती आणि तुळयांना दोनाने, बाकीच्यांना एकाने. मग सगळी बेरीज. जास्तीत जास्त शंभर.

"आमच्या घरचा बाटलीतला मसाला ठाऊक आहे?" तिने विचारलं. "उन्हाळ्यात मम्मा पंचवीस जिन्नस आणते लालबागहून. मिरची, धणे, तीळ, खसखस, नागकेशर. सगळं भाजते, कुटते, बाटलीत दाबते. मग एकच चव. हालांक तसाच. आणि एकदा कुटलं, की मिरची कुठली अन् धणे कुठले, ते देवालाही निवडता येत नाही."

"आणि एखादा जिन्नस कुजका निघाला तर?"

"तर बाटली वाया. पण ते जेवताना कळतं, साहेब."

"पाण्यालाच तीन का?"

"सर म्हणतात, घरात पाणी नसलेल्या बाईचे हाल कुणी मोजलेत?"

तिने मुकादम चाळीचा फॉर्म समोर ठेवला. राजारामचं अक्षर. वय आठ. भिंती सात. तुळया सात. गर्दी आठ. संडास सात. आणि पाचवा प्रश्न छापील: *घरात पाणी येतं का?* पुढे दोन चौकोन. 'हो'वर खूण. त्याखाली फ्लॉरेन्सच्या लाल शाईत शून्य.

जयवंतने कागदावर बेरीज मांडली. आठ, चौदा, चौदा, आठ, शून्य, सात. एक्कावन्न.

तो त्या फॉर्मकडे बघत राहिला. मालकाचा माणूस असता तर तुळयांना सात देता? भिंतींना सात देता? पाचही रकान्यांत हात आखडता नव्हता. शून्य फक्त एकाच ठिकाणी होतं.

कमलाकांत विजयकर फणसवाडीत राहत. पाठारे प्रभूंचं जुनं घर, संगमरवरी मेज, आणि वर तांब्याच्या तोटीचा नळ, थेट बैठकीमागच्या मोरीत. सरकारी नोकरीतून निवृत्त. साठी उलटलेली, पाठ ताठ.

"आपण चाळ पाहिली होतीत?"

"मी लालबागला पाऊल ठेवलेलं नाही, फौजदारसाहेब. पाहणी करणारे वेगळे, मोजणारा वेगळा. मोजणाऱ्याने माणूस पाहिला, की आकडा कलतो."

"राजारामवर आपला संशय का?"

"दुसरं कारण काय असणार? रीत बिनचूक आहे. मी दोन वर्षं घासली ती." त्यांनी मेजावरचे छापील कागद सारखे केले. "हा अहवाल सगळाच्या सगळा मराठीत आहे. बाहेर काय बोललं जातं, ऐकता ना? मुंबई मराठी माणसाला द्या, तर ती चालवणार कोण? यांना मोर्चे काढता येतात, कारभार येत नाही. हे मी रोज क्लबात ऐकतो. त्याला हे उत्तर आहे."

"अहवाल बाहेर कधी येणार?"

"गणपतीनंतर. आता बघू." ते थांबले. "दोरी धरून जिना चढणारी माणसं ती, साहेब. त्यांच्यासाठीच केलं सगळं. आणि एका पाहणीदाराच्या गाववाल्यापायी..." त्यांनी वाक्य सोडून दिलं.

हिरव्या वहीबद्दल विचारलं, तेव्हा त्यांनी मान हलवली. वह्या फ्लॉरेन्स सांभाळते, म्हणाले.

जीव वाचलेल्या बिऱ्हाडांना एका शाळेत ठेवलं होतं. वर्गातले बाक भिंतीला लावून बायका जमिनीवर बसल्या होत्या. त्यांच्यात कांता होती. पंचविशीची, कपाळ रिकामं नव्हतं. नवरा पहाटपाळीला गिरणीत होता म्हणून वाचला होता. ती स्वतः खाली नळावर गेली होती. सासू राधाबाई मात्र खोलीत होती. ती सातवी.

मेलेल्यांच्या घरी माणूस निरुपयोगी प्रश्न विचारतो, तसा जयवंतने विचारला. "इथे सोय बरी आहे ना? पाणी येतं का?"

कांताने मान वर केली. आढ्याकडे बघितलं. एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत.

"नाय," ती म्हणाली. "छप्पर चांगला आसा हयचा."

जयवंतने पेन्सिल वहीवर टेकवली आणि उचलली नाही. वर्गात कुठेतरी मूल रडत होतं. शेजारची बाई त्याला थोपटत, अर्ध्या आवाजात काही गुणगुणत होती.

मग त्याने हळूच विचारलं, राजाराम चाळीत आला होता तेव्हा काय काय झालं.

चैत्रात आला, ती म्हणाली. सगळ्या खोल्या बघितल्या. भिंतीला हात लावून बघितला. सहा सवाल विचारले. घरात पाणी येतं का, असं विचारलं तेव्हा बायका हसल्या. येतं म्हणजे काय, ढोपरभर येतं. पावसात टोप, घमेली, परात, सगळं मांडून मधल्या कोरड्या जागेत निजायचं. सासू म्हणायची, आमच्याकडे गंगा वरनं उतरते, भगीरथाची गरज नाय.

"त्यानंतर कुणी आलं होतं? मंडळातलं?"

"मंडळातला होता का, ठावक नाय. नागपंचमीला एक म्हातारे इले होते. मोठ्या घरातले. काळी टोपी, बूट. आमच्या जिन्याचा कठडा मोडलेला, तिथे दोर बांधला होता. तो धरून वर इले."

"काय विचारलं त्यांनी?"

"एकच. पाणी कुठनं येतं? सासूनं वर बोट केलं. त्यांनी आढ्याकडे बघितलं. मग आमच्याकडे नाय बघितलं. चहा ठेवते म्हटलं, तर थांबले नाय."

जयवंत उठला. दारापाशी थांबून त्याने विचारलं, चाळीत घरातल्या घरात नळ कुणाकडे होता का. कांताने त्याच्याकडे असं बघितलं, जसं त्याने खोलीत समुद्र होता का, असं विचारलं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी फणसवाडीतल्या संगमरवरी मेजाभोवती तिघं बसली होती. कमलाकांत, फ्लॉरेन्स आणि जयवंत. फ्लॉरेन्सच्या मांडीवर नवी टाइप केलेली यादी होती. सकाळभर ती यंत्राचं हँडल फिरवत बसली होती. आज तिच्या ओठांवर टोमणा नव्हता.

"कमलाकांतराव," जयवंतने सुरुवात केली, "राजारामने खोटं काही लिहिलं नाही. फ्लॉरेन्सबाईंनी बेरीज चुकवली नाही. आणि आपण प्रश्न विचारलात, तोही सरळ मनाने. घरात पाणी येतं का? आपण इथे बसून विचारलात. इथे मागे मोरीत नळ आहे. इथे 'पाणी येतं' म्हणजे सुख. म्हणून 'हो'ला शून्य."

कमलाकांतांची नजर मागच्या मोरीकडे गेली.

"हाच प्रश्न लालबागला गेला. तिथे नळ खाली, चाळीच्या तोंडाशी. घरात पाणी येतं, ते छतातून. तिथे 'पाणी येतं' म्हणजे हाल. राजाराम त्याच माणसांतला. त्याने प्रश्न तिथल्यासारखा वाचला आणि 'हो'वर खूण केली. प्रश्न एकच. फणसवाडीत त्याचा एक अर्थ झाला, लालबागला दुसरा. आणि नेमकं त्याच रकान्याला आपण सगळ्यात जास्त वजन दिलं होतं. मुकादम चाळीला तिथे दहा मिळायला हवे होते. तिनाने गुणून तीस. एक्कावन्नाचे एक्याऐंशी. बाई, नंबर कितवा?"

"तिसरा," फ्लॉरेन्स म्हणाली. "सगळ्या चाळींचा रकाना दुरुस्त केल्यावरही तिसरा. पहिल्या वीस चाळींना आषाढ संपेपर्यंत टेकू लागलेत."

"चूक झाली," कमलाकांत म्हणाले. आवाज सपाट होता. "शब्दाची चूक. फार वाईट झालं. पण हा गुन्हा नव्हे."

"नव्हताच. नागपंचमीपर्यंत." जयवंतने मेजावर हात ठेवले. "आपण म्हणालात, लालबागला पाऊल ठेवलं नाही. आणि त्याच बैठकीत म्हणालात, दोरी धरून जिना चढणारी माणसं. फॉर्मवर सहा प्रश्न आहेत. जिन्याचा एकही नाही. दोरी कुणी चढून गेल्याशिवाय कळत नाही. त्या चाळीत एक काळी टोपीवाले गृहस्थ येऊन गेले. त्यांनी पाणी येतं का, असं विचारलं नाही. *कुठून* येतं, असं विचारलं. तो 'कुठून' ज्याला चूक सापडली आहे, त्यालाच सुचतो. चाळीतल्या बाई आपल्याला ओळखतील. त्यांना इथे बोलवू?"

खाली वाडीत कुणीतरी फुलं विकत होतं. ती हाक येऊन गेली.

कमलाकांत उठले. आतल्या खोलीतून हिरव्या पुठ्ठ्याची वही घेऊन आले आणि मेजावर ठेवली.

"जाळता आली नाही," ते म्हणाले. "चाळीस वर्षं नोंदी सांभाळल्या. हात झाला नाही."

जयवंतने पान उलटलं. राजारामचं बारीक अक्षर. *खोली चौदा. राधाबाई. पाणी येतं. वरून. म्हणाली, ढोपरभर.*

"प्रस्तावनेत घालायला दोन उदाहरणं हवी होती," कमलाकांत सांगू लागले. "म्हणून वही उघडली. हे वाचलं. वाटलं, एवढ्या एकाच बाईने तसं म्हटलं असेल. म्हणून बघायला गेलो. तिने बोट वर केलं आणि माझी दोन वर्षं त्या बोटाच्या टोकाला लटकली. अहवाल छापून झाला होता. त्यात यादी होती. मराठीत शास्त्र बोलता येत नाही म्हणणाऱ्यांच्या तोंडावर मी तो ठेवणार होतो. आणि चूक कशात? मराठीतच. तीही इतक्या साध्या वाक्यात, की कुणीही हसेल. म्हटलं, पाऊस सरत आलाय. दिवाळीनंतर गुपचूप यादी बदलू. वर्षानुवर्षं उभी आहे ती चाळ."

"एकोणीस दिवस," जयवंत म्हणाला. "एवढे दिवस ठाऊक होतं आपल्याला. आणि चाळ पडल्यावर पहिलं काम काय केलंत? वही उचललीत, आणि ज्याने खरं लिहिलं त्याचं नाव पोलिसात दिलंत."

कमलाकांतांची ताठ पाठ खुर्चीला टेकली. क्षणभर ते आढ्याकडे बघत राहिले. तिथे काहीच गळत नव्हतं.

फ्लॉरेन्सने नवी यादी त्यांच्यापुढे सरकवली. "लालबाग-परळच्या चौतीस चाळींत पाण्याला 'हो' आहे, सर. घरात नळ एकाही ठिकाणी नाही. मुकादम चाळ गेली. तेहतीस राहिल्यात. पाऊस अजून महिनाभर आहे. तुमच्या सहीशिवाय टेकूचं लाकूड हलणार नाही."

त्यांनी सही केली. अक्षर वळणदारच होतं. मग टोपी घेतली आणि जयवंतच्या पुढे होऊन जिना उतरू लागले.

संध्याकाळी कांता नवऱ्याबरोबर चौकीवर जबाब द्यायला आली. जयवंतने तिला सगळं सांगितलं. राजाराम घाडीचा काही दोष नव्हता, हे दोनदा सांगितलं. ती ऐकत राहिली, मग म्हणाली, त्या माणसाला एकदा बघते. काल त्याच्या नावाने मी फार वाईट बोलले.

कोठडीचं दार उघडलं. हवालदाराने राजारामला चपला दिल्या. तू सुटलास, जयवंत म्हणाला. वही मिळाली. तू लिहिलेलं अक्षर अन् अक्षर खरं होतं.

राजाराम बाहेर आला, पण चपला त्याने पायात घातल्या नाहीत. कांताला बघून तो जागच्या जागी थांबला. तिने हात जोडायला उचलले.

"नको, वहिनी," तो म्हणाला. "आधी ऐका. साहेबांनी विचारलं ते मी सांगितलं. हे कुणी विचारलं नाही, म्हणून राहिलं."

कांताचे हात खाली आले.

"चैत्रात मी निघालो, तेव्हा तुमच्या सासूबाई माझ्यामागे जिन्यापर्यंत आल्या. म्हणाल्या, परळला भाऊ आहे, पावसापुरती सगळ्यांना घेऊन त्याच्याकडे जाऊ म्हणते, भिंतीचा भरवसा वाटत नाही. मला ठाऊक होतं, पाण्याला सगळ्यात जास्त गुण. मी 'हो' लिहिलं होतं. वाटलं, यांचा नंबर आता पहिल्या दहात. मला बरं वाटलं, वहिनी. आपल्या हातून कुणाचं भलं झालं असं वाटलं."

त्याने चपला खाली ठेवल्या.

"मी म्हणालो, कशाला जाता, मावशी. थांबा."